शिंपल्यातली बाई आणि पियानोवाला

जुन्या डबीत सापडलेल्या ब्रोचवरच्या बाईचं नाक तुटलेलं आहे. केशरी-तपकिरी जमिनीवर बाजूनं दिसणारा पांढरा चेहरा. खिडकीपाशी धरला तर सगळा ब्रोच मंद उजळतो, पाठही जराशी खोलगट आहे, शिंपलाच. भिंगातून पाहिलं, तर गालापाशी पांढरा थर इतका पातळ उरलाय की खालचा केशरी रंग झिरपून वर आलाय. कोरणाऱ्याचा हात जरा जास्त चालला असता, तर बाईच्या गालावर कायमचा डाग.

कॅमिओ म्हणजे मुळात हेच. वेगवेगळ्या रंगांचे थर असलेला दगड किंवा शिंपला घ्यायचा, वरचा थर चित्रापुरता राखायचा, बाकीचा काढून टाकायचा. मुद्रेसारखं आत कोरलेलं ते इंटाग्लिओ, उठावाचं ते कॅमिओ. शिंपला टोकदार हत्यारानं कोरता येतो. अकीक, सार्डोनिक्स हे थरांचे कठीण दगड मात्र पोलादाला दाद देत नाहीत; तिथं कुरुंदाची पूड लावून फिरत्या टोकानं घासत बसायचं.

सिनेमात ओळखीचा चेहरा क्षणभर दिसून जातो, त्यालाही कॅमिओच म्हणतात. तिथं हा शब्द रुजला तो १९५६ च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मुळे, असं सांगतात. आता तर दोन मिनिटांची कुठलीही भूमिका 'कॅमिओ' होते, हे मला खटकतं. त्यापेक्षा आपला 'पाहुणा कलाकार' बरा. पाहुणा ओळखीचा लागतो. अनोळखी माणूस दारात दोन मिनिटं उभा राहून गेला, तर त्याला आपण पाहुणा म्हणत नाही, कुरिअरवाला म्हणतो.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक आपल्याच सिनेमांत क्षणभर दिसून जायचा. त्याला ही ओळख पुढे पुढे जडच झाली. प्रेक्षक गोष्ट सोडून त्यालाच शोधत बसतात म्हणून तो सुरुवातीलाच दर्शन देऊन मोकळा व्हायला लागला. १९४४ च्या 'लाइफबोट'मध्ये सगळी गोष्ट भरसमुद्रातल्या होडीत. तिथं दिग्दर्शक येणार कुठून? तो आला वर्तमानपत्रात, वजन घटवण्याच्या जाहिरातीतल्या फोटोतून.

तर तो १९५६ चा सिनेमा भाचीबरोबर पाहत होतो. दारूच्या गुत्त्यात एकजण पाठमोरा बसून पियानो वाजवतोय. तो वळून आपल्याकडे पाहतो. फ्रँक सिनात्रा, त्या काळचा बडा गायक-नट! मी खुर्चीत सावरून बसलो. भाची म्हणाली, "मामा, याला एवढं का दाखवलं? हा पुढे खून करतो का?"

मी समजावलं. पण विनोद समजावून सांगितला की जे होतं तेच झालं. तिच्या लेखी तो नुसताच पियानोवाला, आणि विनाकारण मागं बघणारा.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 'ग्रेट कॅमिओ ऑफ फ्रान्स' आहे. पाच थरांचा सार्डोनिक्स, ३१ सेंटिमीटर उंच, त्यावर २४ आकृत्या: रोमचं राजघराणं, जिवंत आणि दिवंगत. हा दगड घडला तेव्हा दरबारात कुणाला नावं विचारावी लागली नसतील. मध्ययुगात तो चर्चच्या खजिन्यात होता आणि पाहणारे खुशाल म्हणत, हा बायबलमधला जोसेफ, इजिप्तच्या फॅरोच्या दरबारातला. १६२० मध्ये पेरेस्क नावाच्या फ्रेंच विद्वानानं ही मंडळी रोमची आहेत हे ओळखलं. तोवर बिचारे सम्राट शेकडो वर्षं दुसऱ्याच गोष्टीत भूमिका करत होते. आजही काही आकृत्या नेमक्या कुणाच्या, यावर अभ्यासक भांडतातच.

सिनेमा संपल्यावर भाचीनं ब्रोच उचलला. "आणि ही कोण?"

अशा ब्रोचवरच्या बायका बहुतेक वेळा कुणीच नसतात. सरळ नाक आणि बांधलेले केस, बास. तसं मी सांगितलं.

"बरं झालं," म्हणत तिनं तो ओढणीला लावला, तुटक्या नाकासकट.