स्पीकरची घुंघुं आणि तीन फेऱ्या

कॉम्प्युटरवर तानपुरा लावला की स्पीकरमधून त्याच्याखालून एक जाड घुंघुं यायची. कॉम्प्युटरचा आवाज पार बंद केला तरी ती आपली चालूच. पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली, म्हणजे कुठल्याच पट्टीत न बसणारी. मी ऑनलाइन गाणं शिकवते. मुलींना खर्ज ऐकवायचा आणि खाली हे, जीव नकोसा व्हायचा.

स्पीकर वॉरंटीत होते म्हणून सर्व्हिस सेंटरला नेले. तिथेच माझा महिना गेला. पंचवटीतून होळकर पूल ओलांडून, स्पीकरचं खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने जायचं, टोकन घ्यायचं आणि बसायचं. पहिल्या वेळी आठ दिवस ठेवून घेतले आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी हातात दिली. काउंटरवरच्या मुलाने गाणं लावून दाखवलं. "मॅडम, ऐका ना, कुठे आहे आवाज?" खरंच नव्हता. घरी येऊन जोडले तर पहिल्यासारखीच घुंघुं.

दुसऱ्या वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करून नेलं. ते अर्धवट ऐकून "साउंड कार्ड गेलं असेल" म्हणाले आणि पुढचं टोकन पुकारलं. तिसऱ्या वेळी सीपीयूही उचलून नेला. दोन्ही त्यांच्या टेबलावर जोडले, आणि पुन्हा सगळं शांत! मी पाऊण तास तिथे उभी होते. इतक्या वेळात एकानेही विचारलं नाही की घरी प्लग कसा आहे, अर्थिंग आहे का. तोच सीपीयू, तेच स्पीकर, तिथे गप्प आणि घरी घुमतात, तर दोष घरच्या विजेत असणार. हे त्यांना रोजच्या कामातून कळायला हवं होतं. मला त्याचा अजून राग येतो.

तुम्ही एवढं करू नका. आधी स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलला लावा. घुंघुं गेली तर स्पीकर चांगले आहेत. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घुंघुं थांबली की ती चार्जरच्या वाटेने येत होती असं समजा.

शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या वायरमनला पाठवलं. त्यांनी सीपीयूच्या पत्र्याला टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. "ताई, हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?" येत होत्या, पण मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. मीटरने मोजलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या वायरींमध्ये, २३५ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये कधी ४०, कधी ६०. अर्थिंग नीट असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. बोर्ड उघडला तर तिसऱ्या, अर्थच्या भोकाला वायरच नव्हती. जुन्या वाड्याचं वायरिंग, वरून नुसता तीन पिनचा सॉकेट बसवलेला. सीपीयूच्या पत्र्यावर येणारी ती थोडी वीज जमिनीत न जाता ऑडिओच्या केबलमधून स्पीकरमध्ये शिरत होती. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून घुंघुं ५० आणि तिच्या पटीतली. त्यातली १००ची माझ्या छोट्या स्पीकरमधून ठळक ऐकू यायची.

विजेच्या मीटरपासून अर्थची हिरवी वायर ओढून घेतली. अर्थच्या जागी न्यूट्रल जोडून देतो असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा, न्यूट्रल तुटला तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. दुकानात ऑडिओच्या केबलमध्ये बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, त्याने घुंघुं जाते, पण झिणझिण्या तशाच राहतात, म्हणून अर्थिंग आधी बघा.

थोडी खरखर उरली होती, तीही गेली. पिन सीपीयूच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये घातली आणि केबल पॉवरच्या वायरपासून लांब नेली. आणि हो, मोबाइल स्पीकरला चिकटून ठेवू नका, फोन यायच्या आधीची टर्रटर्र त्याचीच असते.

त्या संध्याकाळी तानपुरा लावला आणि क्लास सुरू व्हायच्या आधी बराच वेळ नुसता ऐकत बसले.