तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सर रक्ताचा, मग तपासण्या बुरशीच्या कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा पेशंटच्या घरची माणसं विचारतात. ‘ब्लड कॅन्सर आहे हे कळलं, केमो सुरू झाली. आता नुसता ताप आलाय, तर गॅलॅक्टोमॅनन काय, छातीचा सीटी काय, नाकातला तुकडा काय! रक्ताचं कल्चर तर निगेटिव्ह आलंय ना?’ खर्चाचा ताण असतोच, त्यामुळे विचारणं रास्तच आहे.

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरची नेहमीची पहिली केमो म्हणजे सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले पहिले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन. कॅन्सरच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही त्यात मरतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमागे 500च्या खाली येतात आणि दोन-तीन आठवडे वर सरकत नाहीत. फुप्फुसात गेलेल्या बुरशीचे तंतू पसरू न देणं हे याच पेशींचं काम. बुरशीचे बीजाणू तर आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. मार्केट यार्डातून आणलेला कांदा सोलताना पापुद्र्याखालची काळी भुकटी बोटांना लागते, ती अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी. पावसात भिजलेला कडबा, कुबट पोत्यातले शेंगदाणे, इथं त्याची भावंडं सापडतात. धडधाकट माणसाला याचा सहसा काही त्रास होत नाही. केमोचा पेशंट घरात असेल तर मात्र कांदा त्याच्यापासून लांब बसून सोलावा, काळा पडलेला सरळ टाकून द्यावा, आणि खवट वासाच्या शेंगदाण्याची चटणी त्याच्या ताटात वाढू नये.

आता कल्चरचं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू उगवतात का ते पाहण्याचं. अ‍ॅस्परजिलस रक्तवाहिन्या भेदत जातो, तरी कल्चरच्या बाटलीत तो जवळजवळ कधीच उगवत नाही. कँडिडा ही दुसरी बुरशी उगवते, पण तीही साधारण निम्म्याच वेळा. म्हणून ‘कल्चर निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘बुरशी नाही’ असा होत नाही. अँटिबायोटिक चालू असूनही चार ते सात दिवसांत ताप हटला नाही, तर बुरशी आडवाटेने शोधावी लागते.

ती आडवाट म्हणजे गॅलॅक्टोमॅनन. अ‍ॅस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतली ही साखर तो वाढताना रक्तात सोडतो आणि एलायझा या लॅबमधल्या पद्धतीने ती पकडता येते. उत्तर मिलिग्रॅममध्ये येत नाही, इंडेक्समध्ये येतं. सीरममध्ये 0.5 किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यासाठी बरेच ठिकाणी 1.0 धरतात. रिपोर्टला दिवस का लागतात, हेही विचारलं जातं. एलायझाची प्लेट 96 खणांची असते, प्रत्येक वेळी कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुनेही लावावे लागतात, त्यामुळे लॅब पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबते. एकाच रिपोर्टवर विसंबू नये. धोक्याच्या काळात आठवड्यातून दोनदा नमुना घेतला तर आकडा चढतोय की उतरतोय ते दिसतं. अ‍ॅस्परजिलसवर चालणारं औषध आधीच सुरू असेल तर आकडा खोटा खाली दिसू शकतो, म्हणून चिठ्ठीवर चालू औषधांची नावं हवीतच.

बीटा-डी-ग्लुकन ही दुसरी तपासणी. हॉर्सशू क्रॅब या समुद्रातल्या जिवाच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून तिचं रसायन बनतं, हे मला आजही थक्क करतं. ती अनेक बुरश्या पकडते. पण डायलिसिसच्या काही पडद्यांमुळे आणि जखमेत भरलेल्या गॉझमुळेही फसते.

खरी गोम पुढे आहे. म्यूकर, म्हणजे 2021मध्ये घरोघरी नाव पोचलेली ‘काळी बुरशी’, या दोन्ही तपासण्यांत दिसत नाही. गाल सुजला, नाकातून काळपट खपली आली, डोळ्यामागे दुखू लागलं, तर निगेटिव्ह गॅलॅक्टोमॅननवर एक दिवसही काढू नये. तुकडाच घ्यावा लागतो. त्याचे दोन भाग करायचे. पॅथॉलॉजीचा भाग फॉर्मेलिनमध्ये आणि मायक्रोबायॉलॉजीचा थोड्या निर्जंतुक सलाइनमध्ये. दोन्ही एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत गेले की कल्चर संपलं, कारण फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते. बाटली बहुधा नातेवाइकांच्याच हाती देतात. त्यामुळे निघण्यापूर्वी ‘यात सलाइन आहे ना?’ एवढं विचाराच.

लॅबमध्ये तुकड्याचा कण काचेवर ठेवून 10 ते 20 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. दहा-वीस मिनिटांत मांस विरघळून पारदर्शक होतं आणि बुरशी उरते. बारीक, आडव्या भिंती असलेले, साधारण 45 अंशांत फाटे फुटणारे तंतू अ‍ॅस्परजिलसकडे बोट दाखवतात. रुंद, फितीसारखे, भिंती जवळपास नसलेले आणि काटकोनात फुटणारे तंतू म्यूकरकडे. कल्चरसाठी मात्र हा तुकडा खलबत्त्यात वाटायचा नाही, ब्लेडने बारीक कापायचा. भिंती नसल्यामुळे म्यूकरचा तंतू चिरडला की आतलं सगळं सांडतं, मग माध्यमावर काहीच उगवत नाही. स्लाइडवर दिसली पण कल्चरमध्ये आली नाही, याचं हे एक नेहमीचं कारण.

एवढा खटाटोप नावासाठी करायचा, कारण नावावर औषध ठरतं. अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनॅझोल चालतं, म्यूकरवर ते निकामी. तिथं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, किलोमागे रोज किमान 5 मिलिग्रॅम. 50 किलोच्या माणसाला 250 मिलिग्रॅम, म्हणजे 50च्या पाच कुप्या रोज. पुडीच्या कुपीत आधी इंजेक्शनचं पाणी घालून ती जोरात हलवतात, मग 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. सलाइनमध्ये मिसळलं तर साका धरतो. औषध चालू असेपर्यंत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टीन हे इंजेक्शन मुख्य असतं. ते यकृतातलं ज्या एन्झाइममुळे शरीराबाहेर जातं, तेच एन्झाइम इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं रोखतात. व्हिन्क्रिस्टीन साचतं, जबडा दुखतो, पायाचा पंजा उचलत नाही, आतडी थंडावतात, झटकेही येऊ शकतात. आपल्याकडे गजकर्ण झालं की मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सहज आणल्या जातात. घरातल्या कुणासाठी आणलेल्या या कॅप्सूल केमोच्या मुलाला देऊ नका. दिल्या असतील तर कोणत्या तारखेला, किती दिल्या, ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढचं व्हिन्क्रिस्टीन टोचण्याआधी डॉक्टरांना दाखवा.