मोटर रिवाइंडिंग ते टोरॉइड : आमची वाटचाल

भुसावळला आमचं मूळ दुकान मोटर रिवाइंडिंगचं. उन्हाळा लागला की रावेर-यावलकडून जळलेल्या पाणबुडी मोटरी यायच्या. केळीला पाणी थांबवून चालत नाही, आणि कमी व्होल्टेजवर रेटलेली मोटर किती दिवस टिकणार? तार, स्लॉट, वार्निश हे सगळं वडिलांच्या हाताखाली शिकलो.

टोरॉइडकडे, म्हणजे कडीच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरकडे, वळलो ते बँडवाल्यांमुळे. त्यांच्या अॅम्प्लिफायरमधले ई-आय पत्तीचे (ई आणि आय आकाराच्या पत्त्या रचून केलेले) ट्रान्सफॉर्मर वजनाला जड आणि घुमायचेही. टोरॉइडची कोअर म्हणजे सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरसाठीचं खास पोलाद) पत्तीची गुंडाळलेली सलग कडी. तिच्यात फट नसते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र बाहेर फारसं सांडत नाही.

फॉर्मा (तार गुंडाळायचा साचा) फिरवून तार भरायची सोय मात्र इथे नाही. प्रत्येक फेरा भोकातून जातो. म्हणून आधी लाकडी शटलवर लागेल तेवढी तार भरायची. आमची नेहमीची कोअर बाहेरून 130, भोक 70 आणि उंची 50 मिलिमीटर. एका फेऱ्याला साधारण 17 सेंटिमीटर तार जाते. प्रायमरीचे (मेन सप्लायच्या बाजूच्या गुंडाळीचे) सहाशेच्या आसपास फेरे, म्हणजे शंभर मीटरच्या वर. मध्येच तार संपली तर सांधा येतो, आणि आतला सांधा मला चालत नाही. कोअरच्या कडा आधी मायलरने (प्लास्टिकच्या पातळ पट्टीने) झाकायच्या, नाहीतर तारेचं इनॅमल सोललंच म्हणून समजा.

टेस्ला म्हणजे कोअरमधल्या चुंबकीय क्षेत्राचं माप; ते जितकं कमी धरू, तितके फेरे जास्त. याच कोअरवर 1.5 टेस्ला धरला तर 485 फेऱ्यांत भागतं. बरेच जण तसंच करतात. आम्ही 1.2 टेस्ला धरतो. रात्री पंप बंद झाले की गावात 260 व्होल्टही येतात. तेव्हा कमी फेऱ्यांची कोअर 1.7 टेस्लाला जाऊन भिडते, घुमते आणि तापते. त्यात मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच 45 अंश. तांबं जास्त लागतं, हे खरं. “भो, इतलं महाग कसाले?” हा प्रश्न दर गिऱ्हाइकाचा. त्याच्यासमोर व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) 260 व्होल्ट देऊन दाखवतो, मग फारशी घासाघीस होत नाही.

चालू करताना टोरॉइड क्षणभर भरमसाट करंट ओढतो, एमसीबी पडते. मोठ्या मापाला आम्ही रेझिस्टर-रिलेची सॉफ्ट-स्टार्ट पाटी (सुरुवातीचा करंट आवरणारं सर्किट) सोबतच देतो. बसवताना मधल्या बोल्टचं वरचं टोक डब्याच्या झाकणाला टेकू देऊ नका. बोल्ट आणि डबा मिळून एक शॉर्ट फेरा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मेकॅनिकला हे तोंडी सांगतोच, तरी चिठ्ठीही चिकटवतो.

आता प्रायमरीला मशीन घेतलंय. सेकंडरीची (आउटपुटच्या बाजूची) जाड तार अजून हातानेच, आणि त्यात माझ्या वहिनीचा हात कोणी धरत नाही. लग्नसराईसाठी माल हवा असेल तर दिवाळी झाल्याबरोबर सांगा. फेब्रुवारीत येणाऱ्याला आम्ही सरळ मे महिना सांगतो.