मनातल्या मनात पोस्ट

शनिवार, रात्री सव्वादहा

आज नववा दिवस. इन्स्टाचं खातं काढून टाकायला सांगितलं तेव्हा कळलं, की ते लगेच निघत नाही. ३० दिवस तसंच ठेवतात. तेवढ्यात पुन्हा लॉगिन केलंत तर झालं गेलं विसरून सगळं होतं तसं. म्हणजे अजून २१ दिवस दार उघडंच आहे.

पहिले दोन-तीन दिवस अंगठा आपोआप जायचा. कुकरची शिट्टी होईपर्यंत, लिफ्ट येईपर्यंत. संपतच नाही असं हे स्क्रोल अझा रास्किन नावाच्या माणसानं २००६ साली काढलं आणि पुढे त्यालाच त्याचा पस्तावा झाला. त्याला झाला, आपल्याला कुठे. असो. अंगठा चौथ्या दिवशी शांत झाला. डोकं मात्र झालं नाही. काहीही दिसलं की आत मजकूर तयार व्हायला लागतो. परवा बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुल येऊन बसला, तर तो उडायच्या आत माझ्या डोक्यात दोन ओळी आणि एक इमोजी तयार! कुणाला दाखवणार होते?

गुरुवारी फजितीही झाली. सोसायटीच्या ग्रुपला आवाज बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे दिवसभर पाणी येणार नाही हे सगळ्या इमारतीला माहीत, मला सोडून. सकाळी साडेसातला डोक्याला शाम्पू आणि नळाला फुस्स. टॉवेल गुंडाळून समोरच्या काकूंची बेल वाजवली. काकूंनी दोन बादल्या दिल्या, वर चहा दिला आणि मी "त्या फोनच्या उपासाला" बसल्याची बातमी दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवली. म्हणजे नेटवर्क चालूच आहे.

आज पालख्यांचा पुण्यातला मुक्काम. दरवर्षी मी जाते, म्हणजे लक्ष्मी रोडला उभी राहून हात उंच करून व्हिडिओ काढते आणि घरी येते. या वेळी फोन घरी ठेवला. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई. सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर, सरकते जिने संपता संपत नाहीत, आणि हातात काही नाही. सगळ्यांच्या माना खाली. मी लोकांकडे बघत होते तर एका मुलानं संशयानं बॅग पुढे घेतली.

नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर्शनाची रांग, ओल्या धोतरांच्या दोऱ्या, फुटपाथवर फुकट दाढी करून देणारे, चपला शिवून देणारे. एका दुकानाच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या. शेजारी तुळशीवृंदावन, पायांना कुणीतरी नुकतंच तेल लावून दिलेलं. टाचा अशा, की भेगांत रुपया उभा राहावा. झालं, डोक्यात ओळी जुळायला लागल्या. एवढ्यात आजींनी पिशवीतून फोन काढला. काच तडकलेली, मागे रबरबँड.

"बाई, माझा येक फोटू काढ बरं. पोराला धाडायचाय."

नऊ दिवसांनी कॅमेरा हातात, तोही दुसऱ्याचा. आजी उठल्या, पदर सारखा केला, वृंदावन डोक्यावर घेतलं आणि चेहरा एकदम गंभीर, आधारकार्डासारखा. मी तीन काढले. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं.

"तुळस कापली की गं."

खरंच कापली होती. मी चेहऱ्याच्या सुरकुत्या पकडायच्या नादात. मग रस्त्याच्या मध्यापर्यंत मागे गेले, एका टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि तुळशीच्या मंजिऱ्यांपासून पायांपर्यंत सगळं एका चौकटीत घेतलं. तो पसंत पडला. मुलाला पाठवूनही दिला. दोन मिनिटांत त्याचा अंगठा आला, वर उचललेला. त्या एका अंगठ्याकडे आजी किती वेळ बघत होत्या! मग मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

जेवताना आईला सगळं सांगितलं. फोटो नाही म्हटल्यावर तिला प्रश्नच प्रश्न. कुठल्या? गंगाखेडच्या, जनाबाईच्या गावच्या. कितवी वारी? अकरावी. लुगडं कसलं? हिरवं, इरकली काठाचं. गुडघे दुखत नाहीत का गं त्यांचे? हे मी विचारलं नव्हतं. नावही नाही विचारलं. आईनं नुसतं "हं" केलं आणि आमटी वाढली.

उद्या पहाटे पालख्या हलतील. हडपसरला दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात, माउलींची सासवडकडे, दिवे घाटानं. आजींची दिंडी माउलींबरोबर आहे. एवढ्या गर्दीत दिसायच्या नाहीतच, तरी जाणार आहे. बाबांचं जुनं गजराचं घड्याळ माळ्यावरून काढून चार वाजताचा गजर लावलाय. टिकटिक एवढी मोठी आहे की झोप लागेलसं वाटत नाही.