शंभर ग्रॅमचा सुरय

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर किंवा उजनी धरणावर पिवळ्या चोचीचा नदी सुरय दिसतो ना, पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, मान खाली घालून बघतो आणि सटकन सूर मारतो, त्याचाच लांबचा भाऊबंद म्हणजे आर्क्टिक सुरय, आणि सध्या माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाही. वजन साधारण 100 ग्रॅम, आपल्या शेंगाचटणीचं छोटं पाकीट असतं तेवढंच. चोच लालभडक, डोक्यावर काळी टोपी, पाय एकदम आखूड.

ग्रीनलंड, आइसलंडकडं उन्हाळ्यात पिल्लं काढायची आणि तिकडं थंडी पडायच्या आत निघायचं ते पार अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत, कारण तिथं तेव्हा उन्हाळा लागतो. वर्षात दोन उन्हाळे! म्हणून याच्याइतका सूर्यप्रकाश दुसऱ्या कुठल्याच प्राण्याच्या वाट्याला येत नाही म्हणतात.

2010 मध्ये एक अभ्यास आला, त्यात या पक्ष्यांच्या पायाला उजेडाची नोंद घेणारं 1.4 ग्रॅमचं यंत्र लावलेलं, त्यावरून वर्षाचा प्रवास निघाला सरासरी 70,900 किलोमीटर. सरळ रेघेत गेला तर एवढं होतच नाही, पण हा वाऱ्याशी भांडत बसत नाही. जाताना उत्तर अटलांटिकमध्ये थांबून पोटभर खातो, पुढं काही पक्षी आफ्रिकेच्या बाजूनं जातात तर काही ब्राझीलकडून, आणि येताना अटलांटिकवर मोठं वळण घेत वारा पाठीशी ठेवून दिवसाला 520 किलोमीटर कापतात. ताकदीपेक्षा ही अक्कल मला जास्त आवडते.

लग्नाच्या दिवसात नर चोचीत मासा धरून मादीभोवती उडतो आणि तो तिला भरवतो. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा खळगा, त्यात बहुतेक दोन अंडी, आडोसा काहीच नाही, मग राखायचं कसं तर हल्ला करून. कोल्हा असो की माणूस, सरळ डोक्यावर झडप, रक्त काढतात. इंग्लंडच्या फार्न बेटांवर तर फिरायला येणाऱ्यांना टोपी घालूनच या म्हणून सांगतात.

याच बेटांवर 1982 च्या उन्हाळ्यात एका पिल्लाच्या पायात ओळखीसाठी कडी घातली होती, तेव्हा त्याला उडताही येत नव्हतं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सापडलं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला, 22,000 किलोमीटरच्या वर, पंख फुटून जेमतेम तीन महिने झालेले.