खोडरबर दप्तरातच

शनिवार, सकाळची शाळा

आज आठवी 'ब'ला सलग दोन तास मिळाले. पीटीचे सर रजेवर होते, त्यांचा तास मी मागून घेतला. लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, त्याला शाई लावून कागदावर ठसा घेणं. पस्तीस मिनिटांत ते होत नाही. नुसते कटर वाटून परत मोजून घेईपर्यंत घंटा होते.

वर्षाचा बराचसा काळ एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीत जातो. तांब्या, मागे चुण्यांचं कापड, पुढे दोन कांदे. मग संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. पालकांचा प्रश्न एकच, दहावीला किती गुण वाढतात? इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3. त्यांचं चुकतं असं नाही, पण या मुलांच्या हातात पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त वेळ असतो. रंगाची पाळी येईपर्यंत कागदाला लव आलेली असते.

लिनोचे सहा बाय चार इंचांचे तुकडे आधी व्हरांड्यातल्या उन्हात ठेवले. थंडीत ते कडक होतात, कटर सटकतो. जवसाचं तेल, बुचाची भुकटी आणि खाली तागाचं कापड, असं हे सांगितल्यावर एकाने तुकडा नाकाला लावला. "बाई, घाण्यावर असाच वास येतो." पाच मिनिटं सगळा वर्ग लिनो हुंगत होता.

मग चित्रकार नंदलाल बोस यांचं 'बापूजी' हे लिनोकट दाखवलं. 1930 सालचं, दांडीयात्रेतलं, काठी घेऊन निघालेले गांधीजी. यात कोरलंय किती, असं विचारलं. सगळे म्हणाले, काळं काळं तेवढं. उलटं आहे, पांढरं दिसतं तेवढंच कोरलेलं, काळ्याला हत्यार लागलेलंच नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे फळ्यासारखं." एवढं सोपं मला कधी सुचलं नव्हतं. खाली लिहिलेलं साल बोस यांना ठशावर उलटं कोरावं लागलं असणार, हे सांगितलं तेव्हा मात्र शांतता.

मुलं 46, कटर 6. नियम दोनच: कटर अंगाकडे ओढायचा नाही आणि धरलेला हात कटरच्या पुढे न्यायचा नाही. तरी एक पट्टी लागलीच. फार नाही, अंगठ्याला.

खरी अडचण माझीच झाली. गेली कित्येक वर्षं मला एक खोड आहे. बाकांमधून फिरताना मुलाच्या हातातली पेन्सिल घ्यायची, "हे बघ, असं," म्हणत तांब्याची कड नीट करून द्यायची. परीक्षेला बसवायचं तर हे करावंच लागतं, अशी मी स्वतःची समजूत घातलेली. आज एका मुलाने बैल कोरायला घेतला होता. कटर सटकला आणि शिंगापासून वशिंडापर्यंत सरळ चर पडला. माझा हात आपोआप पुढे गेला आणि तिथेच थांबला. करणार काय? तो माझ्याकडे बघतोय, मी चराकडे. "खोडता येत नाही ना, बाई?" नाही म्हटलं. त्याने शिंग जरा जाड करून बघितलं, त्याने आणखी बिघडलं. शेवटी तसाच छापला. चर स्पष्ट दिसतो. बैल काही चांगला झाला नाही, पण तो त्याचा आहे, त्यात माझी एकही रेघ नाही. त्याच्या चित्रकलेच्या वहीतल्या किती पानांबद्दल मला असं म्हणता येईल?

शाई गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडून डबीभर आणलेली. काचेवर रोलर फिरवताना चटचट आवाज आला की शाई बरोबर. फचफच आवाज आला तर जास्त झाली. हे कान लावून ऐकायला त्यांना फार आवडलं. प्रेस नाही, म्हणून कागदावर चमच्याची पाठ घासायची. चमचे खिचडीच्या शेडमधून उसने आणले. पहिला कागद सोलून वर उचलताना सगळा वर्ग त्या एका बाकावर आडवा झाला होता. तिघींची नावं उलटी उमटली, हे व्हायचंच होतं. एकीने कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरला आणि मागच्या बाजूने वाचून दाखवला.

हात गोडेतेल आणि रद्दीने पुसले. तरी भिंतीवर एक काळा पंजा राहिलाय, सोमवारी मुख्याध्यापकांना दिसेल. बारा चमचे आणले होते, परत देताना अकरा भरले. मावशी म्हणाल्या, "बाई, चित्रं काढायला चमचे कशाला लागतात?" बारावा कुणाच्या तरी दप्तरात असणार, शाईसकट.