अर्ध्या सेकंदाची शंका

आज सर्व्हर अपडेट करताना टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "सर, हे एक्सझेड कोण सांभाळतं?" झालं, माझा डबा तसाच उघडा राहिला.

फाइली आवळून लहान करणारी ही लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअर वापरतात असा तयार कोड, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बहुतेक सगळ्या प्रकारांत असते. सांभाळणारा लासे कॉलिन, तोही फावल्या वेळात, बिनपगारी. मनःस्थिती बरी नाही असं त्याने लिहिलं, तरी लोकांचा तगादा चालूच. मग 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी गोडीगुलाबीने मदतीला आलं, दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा (गुपचूप आत शिरायची वाट) बसवला! खरं नाव अजून जगाला ठाऊक नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला, त्यातून हा चोरदरवाजा सापडला, म्हणून वाचलो. (असली खोड असणारी माणसं ऑफिसात कटकटी ठरतात.)

तिचा पुढचा प्रश्न, "मग आपली कंपनी असं फुकट सांभाळणाऱ्या लोकांना काही देते का?" साहेब शेजारीच बसले होते. क्लाउडचं बिल भरताना हूं की चूं नाही, देणगी म्हटलं की बजेट आठवतं. फुकट ते पौष्टिक!

संध्याकाळी मेल टाकलाय. दर महिन्याच्या पिझ्झा पार्टीएवढीच रक्कम मागितली आहे. कुणाच्या कंपनीत अशी मंजुरी मिळाली असेल तर सांगा, कुठल्या खात्यात दाखवता?